तीन डब्या, एक नाव

तुमच्या घरातल्या वायफायला तुम्ही नाव काय दिलंय? स्वतःचं, पोराचं, की शेजाऱ्यानं वाचून जळावं असं काहीतरी? उत्तर मला कळवू नका, पण मनात ठेवून पुढचं वाचा. कारण मी ज्या माणसाबद्दल सांगणार आहे, त्यानं तुमच्या दारात उभं राहून पहिला प्रश्न हाच विचारला असता आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत दुसरा विचारला असता, "आन् शेजारच्याच्या डबीचं काय नाव हाय?" हा माणूस म्हणजे माझे मामा. बोलणं मधेच तुटू नये यासाठी अख्खं आयुष्य खर्ची घालणारा दुसरा माणूस दौंडपासून शिरूरपर्यंत झाला नाही, हे मी कुणाच्याही समोर सांगायला तयार आहे.

मामा दौंडला रेल्वेत टेलिफोनच्या तारा सांभाळायला होते. रुळाच्या कडेनं चालत जायचं, ठरावीक खांबापाशी थांबायचं, पेटी उघडून हातातला फोन तारेला जोडायचा आणि पलीकडून आवाज येतो का ते बघायचं. बाकीचे लोक 'हॅलो' म्हणायचे. मामा म्हणायचे, "हाय का?" एका साहेबानं त्यांना बोलावून सांगितलं की सरकारी तारेवर जरा नीट बोलत जा. मामा म्हणाले, "साहेब, हॅलोला पलीकडचा नुसता हॅलो म्हणतो. हाय का म्हणलं की त्याला हाय म्हणावं लागतं. मग कळतं माणूस हाय." त्यानंतर निवृत्तीपर्यंत मामा त्या सबंध मार्गावर एवढंच विचारत चालत राहिले.

त्यांची सगळ्यात नामी सवय म्हणजे तुटलेलं वाक्य जोडण्याची. बोलता बोलता गाडीची वेळ झाली, कुणी हाक मारली, तर आपण राहिलेलं बोलणं सोडून देतो. मामा सोडत नसत. पुढच्या भेटीत ते नेमक्या त्याच शब्दापासून पुढे चालू करत, मग मधे दोन दिवस गेलेले असोत नाहीतर दोन महिने. यवतला माझ्या आतेभावाच्या लग्नात ते बाबांना काहीतरी रंगून सांगत होते, तेवढ्यात दौंडच्या शटलची वेळ झाली आणि मामा पिशवी उचलून पळाले. अडीच महिन्यांनी आमच्या घरी आले, चपला काढल्या, बाबांच्या समोर बसले आणि पाण्याचा तांब्या हातात घेत म्हणाले, "आन् म्हणून ती म्हैस शेवटी त्यांनी भावकीतच दिली." बाबा म्हणाले, "कुठली म्हैस?" मामांचा चेहरा असा पडला, जणू पुढ्यातलं ताट कुणी ओढून नेलं. आईनं मात्र भाकरी थापता थापता आतून विचारलं, "मग वासरू?" बहीण होती ती त्यांची.

हे सगळं लक्षात राहावं म्हणून त्यांच्या शर्टाच्या खिशात एक बारकी वही असायची. वहीत प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: माणूस, ठिकाण आणि बोलणं जिथं तुटलं तो शेवटचा शब्द. 'गार्ड, दौंड पूल, मुळात.' 'डॉक्टर, दवाखाना, जिभेखाली.' 'व्याही, एसटी, त्यापेक्षा.' बोलणं पुरं झालं की त्या ओळीपुढं बरोबरची खूण. त्या डॉक्टरांना मामांनी भर आठवडे बाजारात गाठून जिभेखालचं काय ते पुरं करायला लावलं होतं. घरी तर त्यांनी स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांसकट काढून माळ्यावर टाकलं होतं, कारण मामींचं बोलणं दाराला अडून अर्धंच पोचतं, असा त्यांचा शोध होता. मामी म्हणायच्या, "दार काढून ऐकणारा मिळत आसता, तर मी भिंतीबी काढल्या आसत्या."

आमचं घर म्हणजे याच्या बरोबर उलट. आमच्याकडे बोलणं कमी आणि छापील जास्त. बाबा गावच्या हायस्कुलात शिपाई होते आणि उरलेल्या वेळात चळवळीची पत्रकं काढायचे. मी अक्षरं पुस्तकातून शिकलेच नाही. 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' हे मला पाठ्यपुस्तकातल्या धड्यांच्या आधी वाचता येत होतं. सोळाव्या वर्षी मीही पत्रकं लिहायला लागले आणि ती मामांना दाखवायला लागले. मामा पत्रक मोठ्यानं वाचत अंगणात येरझाऱ्या घालायचे आणि धाप लागली की थांबायचे. "मुद्दा पक्का हाय, पोरी. पन वाचणाऱ्याला श्वास घ्यायला एखादी जागा ठेव की. सारखं जागंच राहायचं म्हंजी कवातरी पाठ टेकावी लागंलच ना."

निवृत्तीनंतर मामांना करमेना. रुळाकडेच्या त्यांच्या तारा एकेक करून गेल्या. मग त्यांनी पुण्याहून एक जुना लॅपटॉप आणला, जो मांडीवर घेतला की मांडी भाजायची आणि ज्याची बॅटरी पंचवीस मिनिटांत मान टाकायची. त्या लॅपटॉपवर त्यांना कळलं की आता बोलणं तारेशिवायही जातं. तिथून पुढं त्यांची तहानभूक हरपली.

दोन हजार नऊच्या सुमाराची ही गोष्ट. आमचं गाव शिरूर तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की तुम्ही म्हणाल, असं फक्त त्याच गावात होतं. आधी गावठाण, मग शाळा, मग ओढा आणि ओढ्यापलीकडं आमची बौद्धवस्ती व विहार. ग्रामपंचायतीत ब्रॉडबँड आलं. कारेगावला कंपन्यांत कामाला जाणाऱ्या पोरांनी तिथल्या ऑफिसांत भिंतीवर लुकलुकणाऱ्या वायफायच्या डब्या पाहिल्या होत्या. त्यांनी ठरवलं की एकाच लाइनीवर तीन डब्या लावायच्या, एक पंचायतीवर, एक शाळेवर आणि एक आमच्या विहारावर. केबलवाल्याच्या खांबांवरून तार ओढली, भारनियमनासाठी ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या जोडल्या आणि गावात इंटरनेट आलं.

आल्या आल्या नावं ठेवायची घाई झाली. गावठाणातल्या पोरांनी त्यांच्या डबीला 'राजे ग्रुप' नाव दिलं. शाळेनं 'शाळा' दिलं, शाळेकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. आमच्या डबीचं नाव ठेवायचा मान माझ्याकडं आला. मी 'मुक्तिवाट' ठेवलं आणि त्याच दिवशी एकपानी पत्रक काढलं, 'आमची डबी, आमचं नाव'. तीन डब्या, तीन नावं, तीन पासवर्ड आणि प्रत्येकानं आपला पासवर्ड असा जपलेला की विचारायची सोय नाही. मला वाटलं, आपण एक गड जिंकला.

इथं दादाबद्दल सांगायला हवं. माझा मोठा भाऊ बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा न देताच, बाबांना न सांगता, मस्कतला इलेक्ट्रिशियनच्या कामावर निघून गेला होता. 'शिका' हा शब्द ज्यांनी आयुष्यभर छापून वाटला, त्या माणसाचा मुलगा परीक्षा सोडून गेला. बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. एकदाच, गेल्या गेल्या, त्याचा फोन बाबांनी उचलला होता. दादा म्हणाला, "बाबा, मी तवा..." आणि लाइन गेली. पुन्हा लागली तेव्हा बाबा उठून गेले होते. ते पुन्हा फोनजवळ आले नाहीत. दोन वर्षं झाली. मामांच्या वहीत दुसऱ्यांच्या बोलण्याची एकच ओळ होती: 'बाप-लेक, मस्कत, तवा.'

दर शुक्रवारी दादाला सुट्टी असायची. तो मित्राच्या कॉम्प्युटरवरून बोलायचा आणि आई आमच्याकडं ठेवलेल्या मामांच्या लॅपटॉपसमोर पदर सावरून बसायची. बाबांना नेमकं त्याच वेळी शाळेत काम निघायचं. मग एका शुक्रवारी आईनंच डोकं चालवलं. ते हिकडं येत न्हाईत तर आपण पोराला तिकडं नेऊ. तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर पाटी, पाटीत लॅपटॉप आणि लॅपटॉपमधून दादाचा आवाज, "आई, कुठवर आलीस?" मागून मी. वाटेत शेजारणीनं विचारलं, "काय गं, पाटीत काय नेतीस?" आई न थांबता म्हणाली, "थोरला हाय."

ओढ्यापाशी आवाज फुटायला लागला आणि ओढ्यातल्या मधल्या दगडावर तो गेला. मी पाटी खाली घेतली. पडद्यावर 'शाळा' हे नाव आणि पासवर्डची रिकामी चौकट. पळत जाऊन शाळेतल्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, कमिटीला विचारावं लागेल. तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली. बाबांनी फाटकाला कुलूप लावलं, ओढ्यातल्या पाटीकडं एकदा पाहिलं आणि मागच्या वाटेनं विहिरीकडं निघून गेले. आई दगडावर उभी होती. मला म्हणाली, "तुझी मुक्तिवाट हितंच संपती व्हय गं?"

निरोप मिळाला तसे मामा रविवारी दौंडहून निघाले, न्हावऱ्याला गाडी बदलून हजर झाले. त्यांनी कुणालाच दोष दिला नाही. लॅपटॉप उघडून हातात धरला आणि गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजत चालले. दर वीस पावलांवर थांबून वहीत लिहायचे. लोकांना वाटलं जमिनीची मोजणी आली. दोघेतिघे तर आपापला बांध दाखवायला बाहेर आले.

संध्याकाळी पंचायतीत बैठक. सरपंचांना सगळे आप्पा म्हणायचे. मामांनी सांगितलं, "लॅपटॉप डबीला ओळखत न्हाई, तो नाव ओळखतो. चालता चालता म्होरं त्याच नावाची, त्याच कुलपाची डबी दिसली की तो गपचूप ह्या हातातनं त्या हातात जातो. बोलणाऱ्याला पत्ताबी लागत न्हाई. नाव बदललं की तो दारात उभा राहून म्हणतो, तुम्ही कोण? तवा तिन्ही डब्यांना एक नाव, एक कुलूप."

आप्पा म्हणाले, "पावणं, कशाला घोळ घालताय. आमच्या डबीला आमचं नाव, त्यांच्या डबीला त्यांचं. कुणाचं कुणाला नडत न्हाई."

मी उठून उभी राहिले. मी म्हणाले, एक नाव म्हणजे शेवटी गावठाणाचंच नाव असतं, हे आम्ही पिढ्यान् पिढ्या पाहिलंय. आमचं नाव आम्ही पुसू देणार नाही. बरंच बोलले. श्वास घ्यायला जागा ठेवली नव्हती.

मामा ऐकत राहिले. मग म्हणाले, "गंमत हाय. दोघंबी एकच म्हणताय." मला राग आला, कारण ते खरं नव्हतं. आप्पांना अंतर हवं होतं आणि मला मान हवा होता. पण ओढ्यातल्या दगडावर दोन्हींचा परिणाम एकच झाला होता, हे मला नाकारता येईना.

मामांनी वही उघडली. "आप्पा, तुमच्या घराला कुठल्या डबीची रेंज येती, म्हाईत हाय का?"

"आमचीच येनार. राजे ग्रुप."

"न्हाई. तुमचं घर ओढ्याच्या काठाला. पंचायत लांब पडती आन् शाळेच्या दगडी भिंती मधी येत्यात. तुमच्या वसरीत सगळ्यात झकास रेंज येती ती समोरनं, विहाराच्या डबीची. मी उभा राहून बघितलं. तुमचा नातू बसला व्हता तितंच, मुक्तिवाटंवर."

बैठकीत कुणीतरी खोकल्यासारखं केलं. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला आप्पांचा नातू सुट्टीला आलेला होता. आमच्या पोरांशी त्याची क्रिकेटची दोस्ती, त्यामुळं जो पासवर्ड मी जिवापाड जपला होता तो त्याला पहिल्याच दिवशी मिळाला होता. आप्पांनी टोपी काढली, टोपीतून बोट फिरवलं, परत घातली. "आता," ते म्हणाले, "नाव ठेवायचं काय ते तरी सांगा."

तासभर नावं झाली. प्रत्येक नावाला एका बाजूचा तरी नकार. शेवटी मामा म्हणाले, "आप्पा, तुम्ही कुणाच्या घरी गेलात की दारात काय म्हणता?" आप्पा म्हणाले, "हाय का घरात." मामांनी माझ्याकडं पाहिलं. "आन् वस्तीत?" आमच्याकडंही तेच म्हणतात. पलीकडं गावठाणात, अलीकडं वस्तीत, आणि दौंडला रुळाच्या कडेला ते तर आयुष्यभर तेच म्हणत आले होते. तिन्ही डब्यांना नाव पडलं, 'हाय का'. आम्ही कुणीच जिंकलो नाही आणि वाटलं तेवढं वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी अजून गाल फुगवूनच विहाराच्या गच्चीवर त्यांना शिडी धरायला गेले. मामा डबीत काहीतरी बदलत होते. म्हणाले, "नाव एक केलं, पन पट्ट्या, म्हंजी चॅनल, वेगळ्या ठेवल्यात बघ. पंचायत एकवर, शाळा सहावर, विहार अकरावर. नाव सारखं आन् पट्टीबी सारखी केली की एकमेकांच्या बोलण्यात बोलत्यात, मग कुणाचंच ऐकू येत न्हाई. तुझी अकरा नंबर तुझीच हाय. ती कुणी घेत न्हाई." मग त्यांनी तिन्ही डब्यांचा जोरही कमी केला. मी म्हणाले, वाढवायचा तर कमी का करता? "लई मोठ्यानं ओरडणारी डबी लॅपटॉपला सोडत न्हाई. तो लांब गेला तरी तिलाच चिकटून बसतो आन् मग मधीच तुटतो. जवळच्याला ऐकू यावं एवढंच बोलायचं. म्होरं दुसरी हाय ना." माझ्या पत्रकांना उद्देशून ते बोलले की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढचा शुक्रवार. आईच्या डोक्यावर पाटी, पाटीत दादा, शेजारून पावलं मोजत मामा आणि बॅटरीकडं डोळा ठेवून मी. वस्तीतून निघालो तेव्हा पंचवीसमधली सहा मिनिटं गेली होती. या वेळी दादाला कुठं नेतोय ते सांगितलं नव्हतं, तो जेवणाला मासे कसे मिळतात ते सांगत होता. ओढा आला. मधल्या दगडावर आवाज चिरकला, मासे 'मा' एवढेच राहिले आणि सगळं शांत झालं. आई दगडावर थांबली. मामांनी तिला दंडाला धरून हलकेच पुढं ढकललं. "चाल बाय, थांबू नगं." दोन पावलं, तीन पावलं. आणि पाटीतून, "...से इथं सुरमईच जास्त, आई."

मामा चालता चालता मोजायचे थांबले.

शाळेच्या व्हरांड्यात बाबा घंटेपाशी उभे होते. ही घंटा म्हणजे दौंडहून मामांनीच रीतसर चिठ्ठी घेऊन आणलेला रुळाचा तुकडा. या वेळी फाटकाला कुलूप लागायचं होतं आणि सुट्टीला मिनिट होतं, त्यामुळं बाबांना जागा सोडून जाता येत नव्हतं. कामाच्या बाबतीत ते फार काटेकोर. आईनं पाटी त्यांच्या पायाशी उतरवली. म्हणाली, "पोरा, बोल. समोर हायेत."

पाटीतून नुसती खरखर आली. मला वाटलं, तुटलं. मग दादा म्हणाला, "बाबा, मी तवा तुम्हाला सांगणार व्हतो. सांगायला भ्यालो."

बाबांनी घड्याळाकडं पाहिलं. "थांब. टोल द्यायचाय." त्यांनी रुळावर सुट्टीचे टोल दिले, नेहमीपेक्षा सावकाश. पोरं आमच्या अंगावरून ओरडत पळाली. गलका संपला तेव्हा बाबा पाटीपाशी उकिडवे बसले आणि लॅपटॉपला म्हणाले, "ऐकू आला?"

"आला."

"परीक्षेचे फॉर्म निघालेत. बाहेरून बसता येतं. मी दर वेळी आणून ठेवलाय."

आणून ठेवलाय म्हणजे दोन वर्षं दर वेळी आणून ठेवत होते, हे आईला आणि मला तिथंच कळलं. आणखी चार मिनिटांनी बॅटरीनं मान टाकली, पण तोवर फॉर्मवर कुठं सही करायची इथपर्यंत गाडी आली होती. मामांनी वही काढली, ती ओळ शोधली आणि पुढं खूण केली. दादा पुढच्या वर्षी सुट्टी काढून परीक्षेला आला. पास झाला, सेकंड क्लास. बाबांनी त्याचंही पत्रक काढलं असतं, आईनं अडवलं.

'हाय का' आमच्या गावात काही वर्षं टिकलं. पासवर्ड प्रत्येकाला 'कुणाला सांगू नका' म्हणून सांगितला गेला, त्यामुळं तो सगळ्यांना माहीत होता. पुढं ज्याच्या त्याच्या खिशात ज्याचं त्याचं इंटरनेट आलं आणि डब्या बंद पडत गेल्या. त्यानंतर मामांचं गावाला येणंही कमी झालं. गुडघे धरायचे. मी त्यांना शेवटची भेटले ती दौंड स्टेशनात. मी पुण्याला निघाले होते. ते खिडकीशी उभे राहून म्हणाले, "तू त्या बैठकीत म्हणालीस ना, नाव पुसू देणार न्हाई. पोरी, त्यात एक गोष्ट..." आणि गाडी हलली. मी हात हलवला. मला घाई नव्हती. मामांचं राहिलेलं बोलणं कुठं जातंय, असंच मला वाटलं.

ते गेल्यावर मामींनी मला वही दाखवली. पानंच्या पानं खुणा केलेली. शेवटची ओळ माझी होती: 'भाची, दौंड स्टेशन, गोष्ट.' तिच्यापुढं जागा कोरी. मामी म्हणाल्या, "ने तुला. हितं ठिवून काय करू?" स्वयंपाकघराला दार अजूनही नव्हतं. ते वाक्य मी आजवर कितीतरी तऱ्हांनी पुरं करून पाहिलंय. कधी त्यात ते माझी बाजू घेतात, कधी कान धरतात. पण खूण करायचा अधिकार त्यांचा होता, म्हणून मी ती केलेली नाही.

आता तुमच्याकडं एक मागणं. या आठवड्यात एकदा, आपल्या माणसाला फोन लावा आणि बोलत बोलत आपल्या गावाच्या, वॉर्डाच्या, सोसायटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा. डब्या असतील तर डब्यांवर, नसतील तर नुसत्या पायांनी. जिथं चालणं किंवा बोलणं तुटेल, तिथं थांबा. मागं फिरू नका. तिथून पुढं कुणाची घरं लागतात ते नीट बघा, आणि त्यातल्या पहिल्या घराच्या दारात जाऊन विचारा, हाय का.